पावसाळ्यानंतर बोट चालू होऊन बंद पडते? इंजिन खोलण्याआधी टाकीचं झाकण बघा

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की माझा फोन पहाटे पाचपासून वाजायला लागतो. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी उठलेली असते. शाकारलेल्या होड्यांवरचे झाप आणि ताडपत्र्या निघालेल्या असतात. मालवणच्या किनाऱ्यावर सर्जेकोटपासून देवबागपर्यंत कुठे ना कुठे कुणीतरी इंजिनाची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेलं असतं. "इंजिन चालू जाता, पण पाच मिन्टांत बंद पडता." बोट वेगळी, इंजिन वेगळं, वाक्य मात्र दर वर्षी हेच. पर्यटकांच्या बोटी ऑगस्ट अखेरपर्यंत वर असतात, त्यामुळे तेच फोन सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात.

वीस वर्षं मी हा एकच बिघाड दुरुस्त करत आलोय. त्यावरून सांगतो: यातल्या बहुतेक इंजिनांना काहीही झालेलं नसतं. इंधन खराब झालेलं असतं, आणि त्याची सुरुवात मे महिन्यात, बोट वर ओढली त्या दिवशीच झालेली असते.

आपल्याकडे सगळे म्हणतात की पावसाळ्यात टाकीला आतून घाम येतो आणि ते पाणी इंधनात उतरतं. थोडं उतरतं, हे खरं. पण मी आजवर टाक्यांमधून जे पाणी काढलं, त्यातलं जास्तीत जास्त पाणी झाकणातून गेलेलं होतं. टाकी उन्हाने तापली की आतली हवा फुगून बाहेर पडते. मग पावसाची सर येते, टाकी गार होते आणि बाहेरची हवा आत ओढते. त्या वेळी झाकणाभोवती पाणी साचलेलं असेल आणि रबर मेलेलं असेल, तर टाकी हवेऐवजी ते पाणी पिते. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन-अडीच महिने दिवसातून कितीतरी वेळा हे चाललं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळल्या तर पुढचं वाचा.

इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू होतं, दोन ते पाच मिनिटं बरं चालतं आणि मग गुदमरून बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होतं. किंवा जागेवर ठीक वाजतं, पण थ्रॉटल दिला की उचल घेत नाही, मिसिंग मारतं. इंधनाच्या नळीतला हाताने दाबायचा रबरी बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नाही, नाहीतर उलट चपटा होऊन तसाच राहतो. डिझेल इंजिन असेल तर पांढरा धूर, फेऱ्यांची चढउतार आणि आठवड्यात दुसऱ्यांदा चोंदलेला फिल्टर. पेट्रोलला नेहमीचा तिखट वास न येता जुन्या वार्निशसारखा जड वास येतो. फिल्टरमध्ये काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसतो.

इंजिन एकदाही पेटलं नाही, किंवा चालू होताना लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला, तर हा तो बिघाड नव्हे. तिथे बॅटरी, प्लग किंवा इंजिनाचं पोट बघावं लागतं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी पाण्यासारखी साचून राहते. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटायला थंड हवाही चालते, कारण पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते तो आकडा, शून्याच्या बराच खाली, उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणून आधी सगळी झाकणं, फळ्या उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं वारा खेळू द्या. मग खाली वाकून नाकाने वास घ्या. वास येत असेल तर कुठलाही स्विच दाबू नका. बॅटरीची वायरसुद्धा त्या वेळी काढू नका, कारण वायर सुटताना ठिणगी पडते. आधी वास जाऊ दे, मग बॅटरी सोडवा.

उचलता येणारी टाकी असेल तर बोटीतून खाली उतरवून वाळूवर ठेवा आणि सगळं काम तिथे करा. विडी, मोबाइल, चूल या गोष्टी लांब. जवळ कोरड्या वाळूची बादली आणि चालू स्थितीतला आग विझवायचा सिलिंडर असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

१. टाकीला श्वास घेता येतोय का?

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट. इंजिन टाकीतून इंधन ओढतं तेव्हा तेवढीच हवा आत जावी लागते. ती वाट बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने इंधन वर चढत नाही. पाच मिनिटांत बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण हेच आहे. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो सैल आहे का बघा. मग इंजिन चालू करा आणि ते गुदमरायला लागलं की झाकणच थोडं सैल करा. "सूं" करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर तुमचं काम तिथेच झालं.

बसवलेल्या टाकीला हवेची नळी असते आणि तिचं तोंड बोटीच्या बाजूला बाहेर उघडतं. देवबागच्या एका काकांनी प्लग बदलले, कार्बोरेटर नवीन आणला, तरी बोट खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत वल्हवत आणावी लागायची. मी गेलो आणि नळीच्या तोंडात तार घातली. बोटभर आत गेल्यावर तार अडली. फिरवून बाहेर ओढली तर टोकाला तांबडी सुकी माती आली, मातीत वाळलेल्या अळ्या. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. दोन महिने स्वस्थ पडलेली, पावसापासून आडोशाची नळी तिला आणखी कुठे मिळणार? काकांचे कार्बोरेटरचे पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. पहिल्याच दिवशी ती तार घातली असती तर एक रुपया गेला नसता.

म्हणून बोट वर ओढताना नळीच्या तोंडावर पितळेची बारीक जाळी तारेने आवळून बसवा. बूच किंवा चिंधी कोंबून नळी बंद करू नका. बंद टाकी उन्हात फुगते आणि कुठल्यातरी जोडातून इंधन बाहेर ढकलते.

२. तळातलं इंधन काचेच्या बाटलीत

माझं सगळं निदान या एका तपासावर उभं आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

पाणी पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. वरून काढलेलं इंधन नेहमी छानच दिसतं. टाकी एका कोपऱ्यावर कलती करून रात्रभर ठेवा. सकाळी न हलवता त्या खालच्या कोपऱ्यातून हातपंपाने किंवा तळाच्या बुचातून अर्धा लिटर इंधन काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या. तोंडाने नळी ओढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. बाटली सावलीत अर्धा तास स्थिर ठेवा.

डिझेलच्या बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्पष्ट वाचता आली तर डिझेल कोरडं आहे. अक्षरं धुक्यातून पाहिल्यासारखी दिसली तर पाणी बारीक कणांनी मिसळलेलं आहे. तळाला थेंब पाऱ्यासारखे लोळत असतील तर मोकळं पाणी आहे. खात्री करायची तर जिलेबीत घालतात तो खायच्या रंगाचा चिमूटभर चुरा बाटलीत टाका. डिझेलमध्ये तो विरघळत नाही, तसाच खाली बसतो. तळाला पाणी असेल तर ते लगेच रंगतं. पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी तपासायला काठीला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. ती मिळाली तर उत्तमच. मोठ्या टाकीत पाणी नेमकं किती बोटं आहे ते त्या पेस्टने कळतं.

पेट्रोलचं प्रकरण निराळं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पोचलं. इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी एका मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्येच विरघळलेलं राहतं, दिसत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा पावसाळी रात्री इंधन गार होऊन ती मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला उतरतात. बाटलीत दोन थर दिसतात, मधे धारदार रेघ. पेट्रोल फाटलं, असं आम्ही म्हणतो.

फाटलेलं पेट्रोल पुन्हा जुळत नाही. वरून ताजं पेट्रोल ओतून, हलवून, कुठलंही औषध घालून ते वापरण्याजोगं होत नाही. वरचा थरही कामाचा उरत नाही, कारण इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिनवाल्यांनी तर फारच सांभाळायला हवं. तुम्ही पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरातच राहतं, आणि इंजिन ओढतं तळातून. म्हणजे पिस्टनला वंगणच मिळत नाही आणि ते सिलिंडरमध्ये धरतं. दोन-चारशे रुपयांचं पेट्रोल वाचवायला जाऊन अख्खं इंजिन खोलायची पाळी आलेली मी पाहिली आहे.

बाटलीत थर दिसला की इंजिन पुन्हा चालू करून बघू नका. टाकी पूर्ण रिकामी करा. ते इंधन खाडीत, वाळूत, माडाच्या बुंध्यात ओतू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, इथे प्रवाळ आहे, आणि आपलं पोट याच पाण्यावर आहे. घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून, वर "खराब" असं लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

३. झाकण, रबर आणि खडू

पाणी सापडलं तर ते काढण्याइतकंच ते आलं कुठून हे शोधणं महत्त्वाचं. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही आणि मी परत त्याच जागी.

झाकण काढून त्याची गोल रबरी रिंग बाहेर घ्या आणि दोन बोटांत दुमडा. चिरा दिसल्या, रबर कडक लागलं किंवा गोल असायच्या जागी चपटं झालेलं असलं तर ती टाकून द्या. ही रिंग हार्डवेअरच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते, फक्त इंधनाला चालणारी मागा. पाण्याच्या नळाची रिंग पेट्रोलमध्ये फुगते.

रिंग चांगली दिसली तरी बसते का ते बघायला शाळेतला खडू पुरतो. टाकीच्या तोंडाची कड, जिथे रबर टेकतं, तिथे खडू घासा. झाकण नेहमीसारखं आवळा आणि लगेच काढा. रबरावर पांढरी रेघ पूर्ण गोल उमटली तर झाकण पाणी अडवतं. रेघ कुठे तुटली असेल तर पाणी बरोबर तिथूनच जातं. फायबरच्या बोटींमध्ये झाकणाखालची पट्टी वाकलेली असते किंवा तिचे स्क्रू सैल असतात, रेघ त्या बाजूला तुटते. स्क्रू काढून खाली सीलंट भरून पुन्हा बसवलं की झालं.

झाकण कुठे बसवलंय हेही बघा. पाऊस पडल्यावर त्याच्याभोवती पाणी साचत असेल तर कितीही चांगली रिंग पुरी पडणार नाही. बोट वर ओढताना ते झाकण उंच बाजूला येईल अशी बोट कलती ठेवा.

४. नळी, बल्ब, क्लिपा

टाकीपासून इंजिनाच्या पंपापर्यंतची नळी ओढणारी असते. तिला चीर पडली तर इंधन बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणूनच "गळती कुठेच नाही" असं सांगणारा माणूसही या बिघाडात सापडतो. नळी हातात घेऊन वितीवितीने वाकवा. चीर, मऊ झालेली जागा, चिकट पृष्ठभाग दिसला तर नळी बदला, चिकटपट्टी गुंडाळू नका. जुन्या नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या. त्यांचं आतलं अस्तर सुटतं आणि काळे कण होऊन फिल्टरमध्ये जातं, किंवा पापुद्रा होऊन नळीच बंद करतं. बल्बवरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा. बल्ब कडक होत नसेल तर आधी क्लिपा आवळा, मग टाकीकडचा जोड बघा, आणि शेवटी बल्बच बदला. त्याच्या आतल्या झडपा कालांतराने निकामी होतात.

५. फिल्टर काय सांगतो

फिल्टर नुसता बदलून मोकळे होऊ नका. आतलं इंधन पांढऱ्या थाळीत ओता आणि बघा. पाण्याचे थेंब असतील तर तपास दोन आणि तीनकडे परत जा. तांबूस भुकटी म्हणजे लोखंडी टाकी आतून गंजतेय. काळा बुळबुळीत साका म्हणजे डिझेलमध्ये जीव वाढलेत.

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, पण डिझेल खाऊन जगणाऱ्या बुरश्या आणि जिवाणू आहेत. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल, म्हणून नेमके दोघांच्या सीमेवर वाढतात. टाकीत पाणी नसेल तर ते तग धरू शकत नाहीत. त्यांना मारायचं औषध मिळतं, पण आधी तळातलं पाणी काढा आणि मगच बाटलीवरच्या मापाने औषध घाला. मेलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो, त्यामुळे पुढचे काही दिवस दोन-तीन जादा फिल्टर बोटीत ठेवा. भर समुद्रात फिल्टर चोंदला आणि बदलायला दुसरा नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

पेट्रोल आऊटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवून घ्या. ज्या बोटींना तो बसवला त्यांचे फोन कमी झाले.

६. आऊटबोर्डचा कार्बोरेटर, डिझेलची हवा

इथपासून हत्यारं लागतात. आऊटबोर्डच्या कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो. खाली डबा धरून तो काढा आणि वाटीतलं पेट्रोल जाऊ द्या. त्यात पाणी, हिरवट क्षार किंवा चिकट राळ दिसली तर वाटी उतरवून साफ करावी लागेल. जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकात पिन घालू नका, भोक केसभर मोठं झालं तरी इंजिनाचं गणित बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरा. कार्बोरेटर कधीच उतरवला नसेल तर हे काम बाजूला बसून एकदा मिस्त्रीकडून शिकून घ्या.

डिझेल इंजिनाने फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी तळाला गेल्यावर हवा धरलेली असते. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि हाताचा पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. त्यापुढे पंपावरचा स्क्रू असेल तर तोही असाच. तेवढ्यावर इंजिन चालू झालं पाहिजे. तासाभरात पुन्हा हवा धरली तर तपास चारमधली नळी परत बघा, हवा अजून आत येतेय.

७. टाकी

इतकं करूनही महिन्याभरात पाणी किंवा काळा साका परत आला तर टाकी रिकामी करून साफ करणं हाच उपाय. उचलता येणारी टाकी तुम्ही स्वतः करू शकता: रिकामी करा, थोड्या ताज्या इंधनाने दोनदा खळबळून काढा, उघडी ठेवून सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकवा. बसवलेल्या टाकीला हात लावू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिझेल पंपानंतरच्या, नोझलकडे जाणाऱ्या जाड पोलादी नळ्या: यांना पाना लावू नका. नोझलमधून डिझेल २०० बारच्या आसपासच्या दाबाने सुटतं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण शंभरपट. ती फवार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत हात सडतो. असं झालं तर न दुखलं तरी ताबडतोब रुग्णालयात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा. नवीन कॉमन रेल इंजिनात दाब याच्या कितीतरी पट असतो, तिथे फिल्टरच्या पुढे काहीच उघडू नका. फ्युएल इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्डलाही हेच लागू.

टाकीला भोक पडलंय आणि वेल्डिंग करायचंय: नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती वाफेने भरलेली असते. पाण्याने धुतली, साबणाने धुतली, वास येत नाही, हे कुठलंही कारण पुरेसं नाही. हे काम वायू मोजायचं यंत्र असलेल्या माणसाचंच.

ट्रॉलरच्या टाकीत उतरून साफ करायचंय: कुणालाही उतरू देऊ नका. आत वाफ असते, आणि गंजणारं लोखंड बंद जागेतला प्राणवायू खाऊन टाकतं. आत गेलेला माणूस आवाज न करता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. ज्या खलाशांच्या भरवशावर आपण दर्यात जातो त्यांना दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी तिथे पाठवायचं नाही.

बोटीच्या तळात इंधन सांडलेलं दिसलं आणि कुठून आलं ते कळत नाही: इंजिन चालू करू नका, बोट पाण्यात लोटू नका.

मे महिन्यात काय करायचं

पेट्रोल साठवूच नका. शेवटच्या आठवड्यात बेताने भरा आणि संपवा. उरलंच तर गाडीत घाला, मात्र ऑइल मिसळलेलं पेट्रोल गाडीत घालायचं नाही. नळी सुटी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीचा स्क्रू काढून उरलेले थेंबही काढा. इंजिन थंड ठेवायला पाण्याची सोय करून मगच हे करा, कोरडं चालवू नका. पेट्रोल टिकवायचं औषध वापरायचं तर ताज्या पेट्रोलमध्ये, आणि ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल इतका वेळ इंजिन चालवून.

थोडं पेट्रोल ठेवावंच लागलं तर कायदा लक्षात घ्या. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, तेही विकण्यासाठी नव्हे, आणि घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात, एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. रॉकेलचा जुना प्लास्टिक कॅन उन्हात फुगून चिरतो. घरात, पडवीत, चुलीजवळ, आणि जाळ्यांच्या ढिगाशेजारी ठेवू नका. नायलॉनचं जाळं एकदा पेटलं की आवरत नाही. जागा वेगळी, सावलीची, खालून-वरून वारा असलेली हवी. भांडं गच्च भरू नका. इंधन तापलं की वाढतं, १०० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर सुमारे दोन लिटरने.

लहान बोटीतली डिझेलची टाकी आधी तळातलं पाणी काढून ९५ टक्के भरून ठेवा, म्हणजे आत हवाही कमी आणि घामही कमी. ट्रॉलरची हजार-दोन हजार लिटरची टाकी भरून ठेवायला पैसे कुणाकडे असतात, आणि चोरीची भीती वेगळीच. ती बंदीआधी तळापर्यंत वापरा, पाण्याचं बूच काढून खालचं सगळं काढून टाका, झाकणाला नवीन रिंग, नळीला जाळी, आणि ऑगस्टमध्ये भरण्याआधी बुचातून एकदा बाटली काढून बघा.

पिंपात डिझेल ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. परवान्याशिवाय २५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवता येतं, एका भांड्यात १००० पेक्षा जास्त नाही. पण २०० लिटरचं पिंप उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं आणि दोन्ही बुचं त्या तळ्यात बुडतात. दुपारी पिंप तापतं, संध्याकाळच्या सरीने गार होतं, आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढतं. सर्जेकोटला एका दादांच्या पिंपातून मी सप्टेंबरात अर्धी कळशी पाणी काढलं. बुचं घट्ट होती, पान्याने आवळलेली. पिंप लाकडी ओंडक्यांवर आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. म्हणजे दोन्ही बुचांना आतून डिझेल लागून राहतं आणि बाहेर पाणी साचायला जागाच नसते. आणि दोराने बांधा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भरलेलं पिंपसुद्धा खाडीच्या पुरात तरंगून जातं.

डब्यावर, पिंपावर, टाकीवर भरल्याची तारीख खडूने न लिहिता रंगाने लिहा. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात लोटण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी कलती करा, सकाळी तळातली पहिली बाटली काढा, आणि ती स्वच्छ दिसल्यावरच बल्ब दाबायला घ्या.